लेझरने नंबर काढायचाय? आधी स्वतःच्या डोळ्याचे आकडे वाचायला शिका

माझा नंबर उजव्या डोळ्याला मायनस साडेचार, सिलिंड्रिकल मायनस पावणेदोन, आणि डाव्याला मायनस पाच, सिलिंड्रिकल मायनस सव्वादोन होता. चौथीत फळ्यावरचं दिसेना म्हणून बाईंनी पहिल्या बाकावर आणून बसवलं तेव्हापासून चष्मा, आणि आता लेझर करून दीड वर्ष झालं. नात्यात, बँकेत सगळ्यांना माहितीये त्यामुळे सारखं कोणी ना कोणी विचारतं, लेसिक करू का स्माईल करू, कॉन्टूरा कशी आहे (या सगळ्या लेझरच्या पद्धती, खाली एकेक सांगितलीये), कुठली मशीन चांगली. मला वाटतं प्रश्नच उलटा विचारला जातोय. मशिनी बहुतेक सगळ्या चांगल्या आहेत, आपला डोळा कशाला चालतो हे आधी बघायचं असतं, आणि ते तपासणीच्या कागदावर चक्क आकड्यांत छापलेलं असतं, फक्त तो कागद कोणी बसून समजावत नाही. म्हणून सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, बँकेत काम करते, शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच, पण डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावेत एवढं तरी आपल्याला कळायलाच पाहिजे.

नंबर म्हणजे नक्की काय

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक भाग असतो, तो कॉर्निया. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) धरली तर त्यातली ४३ च्या आसपास या एकट्या कॉर्नियाची असते, बाकीची आतल्या भिंगाची. नॉर्मल डोळ्याची लांबी पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर. ती एक मिलिमीटर जरी वाढली तरी अडीच-तीन नंबर येतो, कारण प्रकाश मागच्या पडद्यावर पोचायच्या आधीच एकवटतो आणि लांबचं धूसर दिसतं. म्हणजे माझ्यासारख्या बहुतेक मायनस नंबरवाल्यांचा डोळा लांबट असतो. लेझर तो डोळा आखूड करत नाही हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. लेझर फक्त पुढची काच मधोमध थोडी चपटी करतो म्हणजे प्रकाश जरा मागे जाऊन पडद्यावर पडतो.

सिलिंड्रिकल नंबर वेगळा. कॉर्निया वाटीसारखा सगळीकडून सारखा गोल पाहिजे, तो चमच्यासारखा असतो, एका दिशेने जास्त वळलेला आणि आडव्या दिशेने कमी. त्यामुळे रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला शेपट्या फुटतात आणि वाचताना घ आणि ध, प आणि ष यांत गोंधळ होतो. मला एसटीची पाटी लांबून कधीच धड वाचता यायची नाही, अक्षरांना सावली असल्यासारखी दिसायची. चष्म्याच्या कागदावर यासाठी दोन आकडे असतात, सिलिंडर किती आणि अ‍ॅक्सिस किती. अ‍ॅक्सिस म्हणजे तो नंबर कुठल्या कोनात आहे, १ ते १८० अंश. लेझरमध्ये हा कोन फार महत्त्वाचा आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय ते अजिबात सोडू नका.

तपासणीला जायच्या आधी

वय १८ तरी पूर्ण पाहिजे, आणि खरं सांगायचं तर २१-२२ पर्यंत थांबलेलं बरं, कारण कॉलेजात असताना बऱ्याच जणांचा नंबर सरकत असतो. वर्षभरात अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक पडला नसेल तर नंबर स्थिर आहे असं धरतात. जुने चष्म्याचे कागद सगळे शोधा आणि तारखेप्रमाणे लावून घेऊन जा, मी आईच्या कपाटातून सात-आठ काढले, त्यावरून डॉक्टरांना दोन मिनिटांत कळलं की तीन वर्षं नंबर हललेला नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर बंद करा. साध्या सॉफ्ट लेन्स एक ते दोन आठवडे आधी, सिलिंड्रिकलवाल्या टोरिक असतील तर दोन आठवडे तरी, आणि सेमी-सॉफ्ट कडक लेन्स असतील तर तीन-चार आठवडे. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार दबलेला असतो, तो मूळ जागेवर यायला वेळ लागतो, आणि दबलेल्या डोळ्याचं माप घेऊन लेझर केला तर चुकीचा नंबर कायमचा कोरला जातो. हे पाळायचा लोकांना फार कंटाळा येतो, लग्न आलंय, चष्म्यात फोटो नकोत वगैरे. पंधरा दिवस चष्मा घाला, काही बिघडत नाही.

गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर थांबा, हार्मोनमुळे नंबर आणि डोळ्यातला ओलावा दोन्ही बदलतं. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉईनच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, डोळे कोरडे पडतात. संधिवातासारखे आजार, अनकंट्रोल्ड शुगर, डोळ्याला पूर्वी नागीण झालेली, हे सगळं न लपवता सांगा. आणि एक गोष्ट आवर्जून सांगा, ती म्हणजे तुम्ही डोळे चोळता का. उन्हाळ्यात अ‍ॅलर्जीने खाज येते आणि आपण मूठ वळून जोरात चोळतो, आणि सतत चोळण्याचा केराटोकोनस नावाच्या आजाराशी संबंध आहे. त्यात कॉर्निया पातळ होत होत शंकूसारखा पुढे येतो. अशा डोळ्याला लेसिक केलं तर तो आणखी फुगतो. घरात कोणाला हा आजार असेल, कोणाचं सीथ्रीआर, म्हणजे कॉर्निया घट्ट करायचा उपचार, झालं असेल तर तेही सांगा.

नोकरीच्या परीक्षा देत असाल तर तपासणीच्याही आधी जाहिरातीतले मेडिकलचे नियम वाचा. माझा भाऊ भरतीची तयारी करतो, त्याला ताईसारखंच आपणही करून टाकू असं वाटत होतं. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटला लेसिक केलेला उमेदवार चालत नाही. सैन्यदलात एंट्रीप्रमाणे नियम वेगळे, ऑपरेशनच्या वेळचं वय, ऑपरेशननंतर गेलेला काळ, कॉर्नियाची उरलेली जाडी अशा अटी असतात. एकदा लेझर झाला की परत मागे जाता येत नाही, म्हणून आधी नियम आणि मग डॉक्टर.

तो कागद

तपासणीला तीन-चार तास लागतात. बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स टाकतात, त्यानंतर संध्याकाळपर्यंत जवळचं अंधुक दिसतं आणि ऊन सहन होत नाही, तेव्हा गाडी चालवत जाऊ नका, सोबत कोणीतरी न्या. या ड्रॉप्सनंतर मागचा पडदा बघतात, त्यात भोक किंवा पातळ जागा निघाली तर आधी तिच्यावर उपचार. माझ्या डाव्या पडद्याच्या कडेला एक पातळ जागा निघाली, त्यावर लेझरचे टाके मारून मग महिन्याने पुढचं. डोळा कोरडा आहे का बघायला पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं लावून ठेवतात, ती टोचते जरा.

मुख्य कागद मात्र टोपोग्राफीचा, बऱ्याच ठिकाणी पेंटाकॅम म्हणतात, रंगीत नकाशे असतात त्यावर. हा कागद मागून घ्या, तुमचा आहे तो. त्यात तीन गोष्टी बघा. पहिली, सगळ्यात पातळ जागेची जाडी, मायक्रॉनमध्ये. सर्वसाधारण कॉर्निया मध्यभागी ५४० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त. दुसरी, नकाशातला आकार. सिलिंड्रिकल असेल तर मध्ये डमरू दिसतो. डमरूचे दोन्ही भाग सारखे आणि सरळ रेषेत असतील तर सिलिंडर सरळ स्वभावाचा आहे. खालचा भाग मोठा आणि वरचा बारका, किंवा डमरू मध्येच मोडल्यासारखा वाकडा असेल तर लगेच विचारा, कारण केराटोकोनसची सुरुवात अशी दिसू शकते. तिसरी, मागच्या बाजूचा उंचवट्याचा नकाशा. पुढून सगळं ठीक दिसतं आणि मागून कॉर्निया फुगायला लागलेला असतो असं होतं, म्हणून नुसत्या पुढच्या नकाशावर समाधान मानू नका.

आता हिशोब. लेझर कॉर्नियाचा किती भाग काढणार याचा एक ढोबळ नियम आहे, ज्या गोलात लेझर मारणार त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, तीनने भागा, तेवढे मायक्रॉन दर एका नंबरामागे जातात. साडेसहा मिलिमीटरचा गोल धरला तर एका नंबरला १४ मायक्रॉन. मशिनीप्रमाणे थोडं कमीजास्त होतं पण अंदाज येतो. मायनसमध्ये सिलिंडर मिळवून धरायचा. माझा उजवा साडेचार अधिक पावणेदोन म्हणजे सव्वासहा, त्याला साधारण ८८ मायक्रॉन. डावा पाच अधिक सव्वादोन म्हणजे सव्वासात, त्याला १०२.

लेसिकमध्ये आधी वरचा पापुद्रा उचलतात, तो १०० ते १२० मायक्रॉनचा, मी ११० धरला. माझी उजवी जाडी ५३१, त्यातून ११० आणि ८८ गेले, खाली ३३३ उरले. डावी ५२६, त्यातून ११० आणि १०२ गेले, ३१४ उरले. खाली कमीत कमी २५० राहिलेच पाहिजेत असा जुना नियम, बरेच सर्जन आता ३०० च्या वर असेल तरच हात लावतात. इथपर्यंत मी पास. पण दुसरा एक हिशोब आहे, पापुद्रा आणि काढलेला भाग मिळून एकूण जाडीच्या किती टक्के होतात. तो ४० टक्क्यांच्या खाली असावा असं धरतात. उजव्याचे ३७ आले, डाव्याचे ४० च्या जरा वर.

पहिल्या ठिकाणी मला हे कोणी सांगितलंच नाही. तिथे काउन्सिलर म्हणून बसलेल्या मुलीने सांगितलं तुमची जाडी मस्त आहे, उद्याच करून टाका, आजच्या आज पैसे भरले तर सूट मिळेल. मी कागद घेऊन घरी आले, दोन रात्री वाचत बसले आणि मग दुसऱ्या एका सरांकडे गेले. त्यांनी कागद बघितला आणि पाच मिनिटांत म्हणाले, डावा काठावर आहे, पापुद्रा न काढता वरून करू, तुमच्या पडद्याचंही आधी बघू. पडदा पहिल्या ठिकाणी ड्रॉप्स टाकून बघितलाच नव्हता. हे मी राग म्हणून लिहीत नाहीये, पण सूट आहे म्हणून ज्या दिवशी तपासणी त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेशन हे करू नका. कागद घरी आणा, एक आठवडा जाऊ द्या.

कुठली पद्धत म्हणजे काय

सगळ्यांच्या मुळाशी दोनच लेझर आहेत. एक एक्सायमर, १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण. हा जाळत नाही, रेणूंचे बंध तोडतो आणि एका ठोक्याला पाव मायक्रॉनच्या आसपास थर उडवतो, आणि बाजूच्या पेशींना जवळजवळ उष्णता लागत नाही. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम यांनी हे शोधलं. १९८१ च्या नोव्हेंबरात श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस प्रयोगशाळेत आणून त्यावर लेझर मारून बघितला होता आणि कडा न जळता स्वच्छ खाच पडली होती. श्रीनिवासन मद्रास विद्यापीठात शिकलेले, मला हे वाचून फार अभिमान वाटला होता. त्यानंतर १९८३ मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी त्यांच्यासोबत हा लेझर कॉर्नियावर वापरून दाखवला. दुसरा लेझर फेम्टोसेकंद, हा कॉर्नियाच्या आत ठरलेल्या खोलीवर सूक्ष्म बुडबुडे उठवतो आणि ते एकमेकांना जोडून थर वेगळा होतो, म्हणजे ब्लेडशिवाय काप.

पीआरके ही सगळ्यात जुनी. वरची साल, म्हणजे एपिथेलियम, साधारण ५० मायक्रॉनची, ती काढतात आणि थेट एक्सायमर मारतात. ट्रान्स-पीआरकेमध्ये ती सालसुद्धा लेझरनेच काढतात. पापुद्रा नाही त्यामुळे कॉर्निया जास्त मजबूत राहतो, माझ्या डाव्याचा हिशोब यात ४० वरून २९ टक्क्यांवर आला. तोटा असा की साल परत यायला तीन ते पाच दिवस लागतात आणि ते दिवस दुखतं, आणि नजर पूर्ण बसायला काही आठवडे, कधी तीन महिने. मोठ्या नंबरात नंतर पांढरट धूसरपणा येऊ नये म्हणून मायटोमायसिन नावाचं औषध काही सेकंद लावतात.

लेसिक म्हणजे पापुद्रा उचलायचा, खाली एक्सायमर मारायचा, पापुद्रा परत ठेवायचा. ग्रीसमधल्या क्रीट बेटावर यानिस पालिकारिस यांनी १९९० च्या सुमाराला ही पद्धत बसवली. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता येतं ही तिची जमेची बाजू. पापुद्रा ब्लेडने काढणार का फेम्टो लेझरने हे विचारा, फेम्टोने जाडी जास्त नेमकी येते. पण तो पापुद्रा हाडासारखा जुळत नाही, वर्षांनंतरही डोळ्यावर जोराचा फटका बसला तर सरकू शकतो. म्हणून कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग खेळणाऱ्यांनी, भरतीवाल्यांनी पापुद्र्याची पद्धत टाळलेली बरी. कॉन्टूरा म्हणजे वेगळा लेझर नव्हे, लेसिकच, फक्त टोपोग्राफीच्या नकाशाप्रमाणे कॉर्नियाचे बारीक चढउतारही सारखे करायचा प्रयत्न असतो, आणि काही ठिकाणी तीच पीआरकेसोबतही करतात.

स्माईलमध्ये एक्सायमर लागतच नाही. फेम्टो लेझर कॉर्नियाच्या आत एक पातळ चकती कापतो आणि बाजूच्या दोन-चार मिलिमीटरच्या फटीतून सर्जन ती ओढून काढतात. लेसिकला कडेचा काप साधारण २० मिलिमीटर असतो, त्यामानाने हा फारच लहान, कॉर्नियाच्या वरच्या नसा कमी तुटतात, कोरडेपणा कमी. जर्मनीत वॉल्टर झेकुंडो आणि मार्कुस ब्लूम यांनी ही सुरू केली, अमेरिकेत २०१६ ला परवानगी मिळाली आणि सिलिंड्रिकलसाठी २०१८ ला. सिल्क नावाने जी जाहिरात दिसते तीही याच जातीची, कंपनी वेगळी. नंबर थोडा उरला आणि परत करायची वेळ आली तर स्माईलमध्ये तीच पद्धत सहसा पुन्हा करत नाहीत, पीआरकेकडे यावं लागतं, हे आधी माहिती असू द्या.

आणि कॉर्निया पातळ असेल किंवा नंबर दहा-बाराच्या घरात असेल तर लेझरचा हट्टच सोडा. आयसीएल म्हणून लेन्स असते, ती डोळ्याच्या आत, स्वतःच्या भिंगाच्या पुढे बसवतात, सिलिंड्रिकलसाठी टोरिकही मिळते, कॉर्निया शाबूत राहतो आणि गरज पडली तर लेन्स काढता येते. महाग असते आणि डोळा आतून उघडावा लागतो, पण चुकीच्या डोळ्याला लेझर करण्यापेक्षा लाखपट बरी.

पैशांचं म्हणाल तर पीआरके सगळ्यात स्वस्त, स्माईल-सिल्क महाग. दर विचारताना दोन्ही डोळ्यांचा का एका डोळ्याचा, ड्रॉप्स, नंतरच्या तपासण्या आणि पुन्हा करावं लागलं तर त्याचा खर्च धरलाय का, हे लेखी घ्या. मेडिक्लेममध्ये साडेसात डायॉप्टरच्या खालच्या नंबराचं ऑपरेशन वगळलेलं असतं, ही अट आपल्याकडे सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत एकाच साच्यात असते, त्यामुळे बहुतेकांना खिशातूनच भरावं लागतं. साडेसातच्या वर असाल तर मात्र पॉलिसी नीट वाचा आणि आधी मंजुरी मागा.

सिलिंड्रिकलवाल्यांनी हे विचाराच

आपण बसलेलो असताना आणि आडवे झाल्यावर डोळा खोबणीत थोडा फिरतो, दोन-चार अंश, काहींचा जास्त. नंबर बसून काढलेला आणि लेझर आडवं झोपवून. आता माझ्या डाव्याचा सिलिंडर सव्वादोन, समजा लेझर दहा अंश तिरका बसला, तर जवळजवळ तिसरा हिस्सा नंबर जात नाही, म्हणजे सव्वादोनपैकी पाऊण शिल्लक राहतो, तोही वेगळ्या कोनात. पंधरा अंश चुकले तर अर्धा शिल्लक, आणि तीस अंश चुकले तर केलं न केलं सारखंच. अर्ध्या नंबराचा सिलिंडर असणाऱ्याला हे जाणवणार नाही, आपल्याला जाणवतं.

म्हणून विचारायचं, डोळा फिरतो ते तुम्ही कसं सांभाळता. चांगल्या मशिनींत बुबुळाच्या रेषांचा फोटो बसलेला असताना घेतात आणि झोपल्यावर तो जुळवून लेझर तेवढाच फिरवतात. जिथे ही सोय नाही तिथे सर्जन बसवूनच डोळ्याच्या पांढऱ्या भागावर शाईची खूण करतात आणि मग झोपल्यावर ती जुळवतात, ती पद्धतही चालते, पण काहीच करत नाही असं उत्तर आलं तर उठून या. अजून एक, चष्म्यातला सिलिंडर आणि टोपोग्राफीवरचा सिलिंडर शेजारी शेजारी ठेवून बघा. चष्म्यात दोन आणि नकाशात अर्धा असं असेल तर बाकीचा सिलिंडर आतल्या भिंगातून येतोय, अशा वेळी कुठला आकडा धरून लेझर करणार हे डॉक्टरांकडून समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ऑपरेशनचा दिवस

केस आदल्या दिवशी धुवा, कारण पुढचे काही दिवस मानेखालूनच आंघोळ. काजळ, परफ्यूम, गजरा काही नको, वासाचा आणि वाफेचाही लेझरवर परिणाम होतो. बधिर करणारे ड्रॉप्स टाकतात, सुई नसते. पापण्या उघड्या राहायला क्लिप लावतात, तीच सगळ्यात नकोशी. लेसिक आणि स्माईलमध्ये डोळा वरून धरून ठेवतात, दाब येतो आणि काही सेकंद दिसायचं कमी होतं किंवा अंधार होतो, तो होणारच, घाबरून डोकं हलवू नका. समोर लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहायचं. एक्सायमरच्या वेळी केस जळल्यासारखा वास येतो, डोळा जळत नसतो, उडालेल्या थराचा वास असतो, हे मला आधी सांगितलं होतं म्हणून मी शांत राहिले. डोळा थोडा हलला तर मशीन त्याच्यामागे जाते आणि जास्त हलला तर आपोआप थांबते. लेझर एका डोळ्याला मिनिटाच्याही आत संपला. नाव, कुठला डोळा, नंबर आणि अ‍ॅक्सिस हे मी झोपायच्या आधी मोठ्याने म्हणून दाखवलं आणि सिस्टरांनी मशिनीवरचं वाचून दाखवलं, हे तुम्हीही करा, कोणी रागावत नाही.

नंतरचे दिवस

माझं दोन्ही डोळ्यांना वरून केलं, म्हणजे पापुद्रा न काढता. पहिले तीन दिवस मी खोलीचे पडदे लावून पडून होते, डोळ्यात कांदा चिरून पिळल्यासारखं, पाणी थांबेना. गोळ्या आणि थंड ड्रॉप्स यावर निभावतं. डोळ्यावर पट्टीसारखी लेन्स असते ती स्वतः काढायची नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टरच काढतात. आईने त्या आठवड्यात घरात मिरचीची फोडणी केली नाही. लेसिक-स्माईलवाल्यांना हे सगळं पाच-सहा तासांत आटपतं, पण लेसिकमध्ये पापुद्रा असल्यामुळे झोपताना डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावायला विसरायचं नाही, झोपेत आपण डोळे चोळतो ते आपल्याला कळत नाही.

स्टेरॉईडचे ड्रॉप्स सांगितलेल्या दिवसापर्यंतच आणि सांगितल्याप्रमाणे कमी करत, स्वतःहून वाढवायचे नाहीत, त्याने डोळ्याचा दाब वाढतो. पाण्यासारखे वंगणाचे ड्रॉप्स मात्र भरपूर, तीन ते सहा महिने लागतात, एसीत बसणाऱ्यांना जास्त. पीआरके असेल तर सहा महिने उन्हात गॉगल लावाच. पोहणं, विहीर, नदी महिनाभर बंद. तारीख घेताना कॅलेंडर बघा, गणपती विसर्जनाच्या किंवा रंगपंचमीच्या आधी पंधरा दिवसांत घेऊ नका, गुलाल डोळ्यात जाणं तेव्हा खरंच धोक्याचं. गावाकडे मळणीचे दिवस असतील तरी तेच. गाडीवर पुढची काच असलेलं हेल्मेट.

रात्री दिव्यांभोवती वलयं सुरुवातीला बहुतेकांना दिसतात, माझी चौथ्या महिन्यात विरली. पण दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, चिकट पाणी यायला लागलं, किंवा काल दिसत होतं त्यापेक्षा आज कमी दिसलं तर सकाळची वाट न बघता फोन करा.

माझा उजव्याला शून्य आला आणि डाव्याला पाव सिलिंडर उरलाय, त्याचा त्रास काही नाही.

ज्यांचं वय चाळिशीला टेकलंय त्यांनी एक ऐका. मायनस नंबरवाला चाळिशीनंतर चष्मा काढून जवळचं आरामात वाचतो. लेझर करून नंबर शून्य केला की ती सोय जाते आणि चारचौघांसारखी चाळिशी लागते. एका डोळ्यात थोडा मायनस मुद्दाम ठेवायची पद्धत आहे, पण आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून आठवडाभर तसं जमतंय का बघा.

फाईल जपून ठेवा

डोळा आतून लांबटच राहिलाय, म्हणून पडद्याचा धोका चष्मा होता तेव्हा जेवढा होता तेवढाच आजही आहे. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा. अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं, कडेने पडदा ओढल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरं असं की कॉर्निया पातळ झाल्यामुळे डोळ्याचा दाब मोजला की खऱ्यापेक्षा कमी येतो, म्हणून काचबिंदूची तपासणी करताना लेझर झालंय हे सांगायचंच. आणि साठीनंतर मोतीबिंदू काढताना आत बसवायच्या लेन्सचा नंबर कॉर्नियाच्या गोलाईवरून काढतात, तो आपल्या बदललेल्या कॉर्नियात चुकू शकतो. तेव्हा ऑपरेशनच्या आधीचा नंबर, आधीची टोपोग्राफी आणि किती मायक्रॉन काढले हा कागद लागतो, आणि तीस वर्षांनी दवाखान्यात तो मिळेल असं धरून चालू नका. मी सगळे कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये घालून जुन्या चष्म्यासोबत आईच्या कपाटात ठेवलेत, फोटो काढून स्वतःला मेलही केलेत, आणि फाईलवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टरांना दाखवणे.